जिमखाना : शब्द कोणाचा, घर कोणाचे?

मरीन ड्राइव्हवर चर्नी रोड ते मरीन लाइन्स या टप्प्यात पायी फिरला असाल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला रेल्वेचे रूळ, रुळांपलीकडे गिरगाव, आणि मधल्या पट्ट्यात हिरव्या मैदानांची ओळ. त्या मैदानांवरच्या पाट्या वाचत जावे : पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना, कॅथलिक जिमखाना.

इतक्या धर्मांची नावे एका ओळीत आणि प्रत्येकापुढे तोच एक शब्द. तो शब्द इंग्रजी कोशांत इंग्रजी म्हणून नोंदलेला आहे आणि आपण तो मराठी म्हणून वापरतो. मग तो आहे तरी कोणाचा? आजचा धागा या एका जोडशब्दाविषयी.

प्रथम शेपूट पाहू, कारण ते सोपे आहे. ‘खाना’ हा फारसी शब्द. अर्थ घर, जागा. मराठीने तो इतका आपलासा केला की त्याचे परकेपण आज जाणवतही नाही. दवाखाना, कारखाना, तोफखाना, नगारखाना, दिवाणखाना, जामदारखाना. मुंबईत रे रोडलगत ‘दारूखाना’ आहे. नावावरून गैरसमज नको, जुन्या मराठीत दारूखाना म्हणजे तोफेच्या दारूचे कोठार.

शिवकाळात राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, तरीही ‘खाना’ टिकला. टिकला एवढेच नव्हे, तर त्याला देशी डोकी जोडून नवे शब्द घडू लागले. ‘छाप’ हा आपला शब्द, ‘खाना’ फारसी. दोहोंचा मिळून ‘छापखाना’ झाला. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले, तेव्हा अशा जोडकामाचे कोणालाही नवल वाटले नसेल. म्हणजे ज्या साच्यात पुढे ‘जिमखाना’ ओतला गेला, तो साचा साहेब येण्याआधीपासून इथे तयार होता.

(जाता जाता : ‘खानावळ’ या कुळातली नव्हे. तिच्यातला ‘खाना’ खाण्याशी नाते सांगतो, घराशी नाही. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांची १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात बांधणी केली, त्या खानावळवाल्यांचा इतिहास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. आणि ‘कारखाना’ शब्द हाताशी असूनही गिरणगावाने कापडाच्या गिरणीला गिरणीच म्हटले, हेही नोंदवून ठेवण्याजोगे.)

आता डोके. ‘जिम’ म्हणजे जिम्नॅशियम, व्यायामशाळा. मुळात ग्रीक शब्द. त्याच्या मुळाशी ‘नग्न’ या अर्थाचे विशेषण आहे, कारण प्राचीन ग्रीक तरुण उघड्या अंगाने कसरत करीत. आपल्याकडे लंगोट लावून लाल मातीत उतरणाऱ्या पहिलवानाला या व्युत्पत्तीचे फारसे आश्चर्य वाटू नये.

ग्रीक डोके आणि फारसी धड, असा हिशेब इथेच संपला असता तर धागा लिहिण्याचे कारण नव्हते. गोष्ट पुढे आहे.

१८८६ साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा एक विलक्षण कोश प्रसिद्ध झाला : ‘हॉब्सन-जॉब्सन’. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडी रुळलेल्या शब्दांचा हा कोश. त्यात ‘जिमखाना’ची नोंद आहे आणि ती मुंबईकराने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. तिचा आशय असा : हा शब्द अगदी अलीकडचा, चाळीस वर्षांपूर्वी कोणाला ठाऊक नव्हता, त्याचा सर्वांत जुना माग लागतो तो १८६१ मध्ये रुडकी येथे, पण तो घडवला गेला बहुधा मुंबई इलाख्यात, आणि त्याच्या मुळाशी बहुधा ‘गेंदखाना’ हा शब्द असावा.

गेंद म्हणजे चेंडू. इंग्रजांच्या छावण्यांत भिंतीवर चेंडू मारून खेळायचे जे रॅकेट कोर्ट असे, त्याला हिंदुस्थानी बोलणारे नोकरचाकर ‘गेंदखाना’ म्हणत. चेंडूचे घर. सरळ, चित्रदर्शी शब्द. साहेबाने तो ऐकला; त्याच्या कानात ‘जिम्नॅस्टिक्स’ आधीच घर करून बसलेले होते; ‘गेंद’चा ‘जिम’ झाला आणि शब्द एकदम ओळखीचा वाटू लागला.

असे घडते तरी कसे? परका शब्द कानावर पडला की माणूस त्याच्यात आपल्या ओळखीचे काही शोधतो आणि सापडले की शब्दाला त्या आकारात वाकवतो. ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ झाला तो असाच. मूळ शब्दात रंगाचा संबंध कुठे आहे? आणि उलट दिशेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे त्या कोशाचे नावच. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश इंग्रज शिपायांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाला. शोकाच्या हाकेतून दोन इंग्रज आडनावे निघाली.

‘गेंदखाना’ ही यूल-बर्नेल यांची अटकळ आहे, पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तरी ती मला पटते. ‘ग’चा ‘ज’ होण्यात जी अडचण दिसते, ती ‘जिम्नॅस्टिक्स’ मध्ये आल्याने सुटते, आणि अर्थही जुळतो : दोन्हीकडे खेळाचे घर.

आणखी एक व्युत्पत्ती अधूनमधून वाचायला मिळते : ‘जमातखाना’. जमातीने एकत्र जमण्याची जागा. मुंबईत जमातखाने पुष्कळ आहेत, त्यामुळे ही कल्पना इथे चटकन पटते. भाषेच्या कसोटीवर मात्र ती लंगडी आहे. खेळ हा अर्थ तिच्यातून निघत नाही. पण हे नाव मनात ठेवा. शब्दाच्या जन्माविषयी ते काही सांगत नसले, तरी शब्दाच्या मुंबईतल्या आयुष्याविषयी फार काही सांगते.

आता त्या आयुष्याकडे. १८७५ मध्ये किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानाच्या दक्षिण टोकाला ‘बॉम्बे जिमखाना’ स्थापन झाला. म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या कडेला. सभासद युरोपियन. हिंदी माणसाला सभासदत्व नाही.

इथे शब्दांकडे पुन्हा एकदा पाहावे. ‘मैदान’ हाही फारसीच शब्द. पण मैदानाला दार नसते. खान्याला असते, आणि दार आले की आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्नही येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत जे घडले, ते म्हणजे मैदानाचे तुकडे होऊन त्यांचे खाने झाले.

पारशांनी क्रिकेट लवकर उचलले होते. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ चा. एस्प्लनेडच्या मोकळ्या भागात पारशी आणि हिंदू पोरे खेळत. साहेबांना मात्र तिथेच पोलो खेळायचा होता. स्वतःच्या जिमखान्याची हिरवळ त्यांनी राखून ठेवली आणि घोडे उतरवले ते देशी खेळाडूंच्या जागेवर. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कसा उसळेल, हे ज्याने कधी खराब खेळपट्टीवर फलंदाजी केली आहे, त्याला सांगायला नको.

या अन्यायाविरुद्ध अर्ज गेले, वर्तमानपत्रांत पत्रे आली, सरकारने आश्वासने दिली आणि फिरवलीही. लढ्याच्या अग्रभागी शापूरजी सोराबजी होते. त्यांनी १८९७ मध्ये या साऱ्याचा वृत्तांत पुस्तकरूपाने छापला. त्याच्या नावातच ‘युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट’ असा उल्लेख आहे. हिंदी माणसाने लिहिलेल्या क्रिकेटच्या आद्य इतिहासांपैकी हा एक. त्याचा विषय धावा-बळींइतकाच खेळण्याच्या जागेचा हक्क हा आहे. मला हे फार बोलके वाटते.

शेवट काय झाला? पोलोवाल्यांना पूर्णपणे हटवण्याऐवजी देशी खेळाडूंना दुसरी जागा मिळाली. रेल्वेरुळांच्या पश्चिमेला, समुद्र हटवून काढलेल्या केनेडी सी-फेसच्या पट्ट्यावर. १८८५ मध्ये स्थापन झालेला पारशी जिमखाना तिथे गेला. पाठोपाठ मुसलमानांनी जागा मागितली, हिंदूंनी मागितली.

त्या वेळी गव्हर्नर होते लॉर्ड हॅरिस, स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार. त्यांचे धोरण असे की प्रत्येक ‘राष्ट्रीयत्वाला’, म्हणजे त्यांच्या भाषेत प्रत्येक धर्मसमूहाला, एकेक जिमखाना द्यावा आणि मग पुढच्या अर्जदारांना सांगावे : तुमच्या लोकांचा जिमखाना आहे, तिथे जा. १८९४ मध्ये परमानंददास जीवनदास यांच्या नावाचा हिंदू जिमखाना उभा राहिला. कॅथलिक जिमखाना १९१२ चा.

जमातखाना आठवला? शब्दाची जी व्युत्पत्ती खोटी, तीच मुंबईत येऊन खरी झाली. प्रत्येक जमातीला एक खाना. हा सरकारचा निव्वळ कावा होता असे काही जण म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. जागा मागणाऱ्यांनीच ती आपल्या धर्माच्या नावाने मागितली होती. सरकारला विभागणी सोयीची होती आणि मागणाऱ्यांना ती स्वाभाविक वाटत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पण जमातीच्या आतही दारे असतात. आता पळवणकर बाळू यांच्याकडे येऊ.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करण्यासाठी दरमहा चार रुपयांवर कामाला होते. जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी आणि आपण बाद झालो की दर वेळी आठ आणे देई, असे सांगितले जाते. त्या आठ आण्यांतून हिंदुस्थानातला त्या काळचा सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले खरे. मैदानात चेंडू सगळ्यांनी हाताळला, पण विश्रांतीच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

शतक सरता सरता बाळू मुंबईत आले. हिंदू जिमखान्यात काहींची नाखुशी होती, तरी त्यांना संघात घेण्यात आले. गोरा संघ हरवायचा असेल तर बाळूंवाचून गत्यंतर नव्हते. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. संघात बाळू होते आणि त्यांचे भाऊ शिवरामही. ज्या क्लबात हिंदी माणसाला सभासद म्हणून पाऊल ठेवता येत नव्हते, त्याच्या अंगणात, आणि ज्यांना आपल्याच धर्माचे लोक शेजारी बसवून चहा देत नव्हते, त्यांच्या खांद्याला खांदा लावून मिळालेला हा विजय होता. समाजसुधारकांनी त्या दिवसांत त्यातून अस्पृश्यतेविरुद्धचा धडा काढला, तो उगीच नव्हे.

१९११ मध्ये अखिल भारतीय संघाबरोबर बाळू इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन परतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. विठ्ठल यांनी पुढे मराठीत ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. ज्यांना या काळाचा नाद आहे, त्यांनी ते जुन्या ग्रंथालयांत जरूर शोधावे.

जिमखान्यांच्या या रचनेवरच मुंबईचे मोठे क्रिकेट उभे राहिले. १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी, १९३७ पासून पंचरंगी. रंग म्हणजे धर्म. पंचरंगीच्या पहिल्याच वर्षी, नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये आपल्या वाट्याला आलेल्या आसनांवरून वाद होऊन हिंदू संघ बाहेर राहिला. पाचवा संघ ‘इतर’. त्यात ख्रिस्ती विजय हजारे. १९४३ मध्ये ‘इतर’च्या एका डावात ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या! १९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार स्पर्धेविषयी नापसंती व्यक्त केली होती. १९४६ नंतर ती झाली नाही.

आणि बॉम्बे जिमखाना? १९२६ मध्ये तिथेच सी. के. नायडूंनी गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या, अकरा षटकारांसह. डिसेंबर १९३३ मध्ये भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामना तिथेच झाला आणि लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या, भारताकडून झालेले पहिले कसोटी शतक. तेव्हाही त्या क्लबाची सभासदयादी हिंदी माणसासाठी बंदच होती. पाहुणा म्हणून शतक ठोकता येत होते, सभासद म्हणून खुर्चीवर बसता येत नव्हते.

दरम्यान शब्द जहाजात बसून निघून गेला होता. तो माल्टापर्यंत पोहोचल्याची नोंद ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्येच आहे. इंग्लंडात त्याचा ‘घर’ हा अर्थ गळून पडला आणि तट्टांवर बसलेल्या मुलामुलींच्या शर्यतींना ‘जिमखाना’ म्हणू लागले. पुढे मोटारी आल्या. आडथळ्यांतून गाडी वळवत नेण्याच्या प्रकाराला तेच नाव पडले. केन ब्लॉक या अमेरिकन चालकाच्या ‘जिमखाना’ चित्रफिती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. धूर काढत गरगर फिरणाऱ्या त्या मोटारीच्या नावात एक फारसी घर आहे आणि, यूल-बर्नेल यांचे खरे मानले तर, छावणीतल्या कोणा नोकराचा चेंडूही.

इकडे मराठीत शब्दाने घर सोडले नाही. मात्र इथे एक विसरलेला भाऊ आठवतो. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांच्या यादीत एक ‘तालीमखाना’ आहे. कसरतीची, कुस्तीची जागा. म्हणजे ‘जिमखाना’ला हवा असलेला नेमका शब्द आपल्याकडे आधीच होता! ‘तालीम’ मुळात अरबी, अर्थ शिक्षण. मराठीत तिचा अर्थ अंग घडवण्यापर्यंत आला आणि कालांतराने ‘खाना’ गळून नुसती ‘तालीम’ उरली. गिरगावच्या गल्ल्यांत, लालबाग-परळच्या चाळींच्या आडोशाला उभ्या राहिल्या त्या तालमी आणि व्यायामशाळा. तिथे सभासद व्हायला कोट लागत नसे. गिरणगावात तालीम ही वस्तीची बैठकही असे. संपाच्या दिवसांत तिथे जोर-बैठकांखेरीज इतरही खलबते होत.

जिथे क्रिकेट, टेनिस, सभासदवर्गणी आणि वऱ्हांड्यातल्या आरामखुर्च्या आल्या, तिथे मात्र मराठी माणसाने ‘तालीम’ न म्हणता ‘जिमखाना’च म्हटले. शब्दाबरोबर त्याची प्रतिष्ठाही हवी होती, हे कबूल करावे लागते.

पण त्याने एक बदल केला आणि तो पाट्यांवर दिसतो. १९०६ मध्ये पुण्यात जी संस्था निघाली, तिने नाव घेतले ‘डेक्कन जिमखाना’. ना धर्म, ना वंश, केवळ प्रदेश. मग संस्थेचे नाव वस्तीला लागले आणि आज पुणेकर नुसते ‘डेक्कन’ म्हणतो, त्यातला जिमखाना त्याला आठवतही नाही. मुंबईतही उत्तरेकडे सरकावे तसतशा पाट्या बदलतात. माटुंगा जिमखाना. खार जिमखाना. दादरला शिवाजी पार्क जिमखाना, जिथे अजित वाडेकर खेळले आणि ज्याच्या माटुंग्याच्या दादर युनियनशी होणाऱ्या लढतींच्या आठवणी जुने दादरकर अजून रंगवून सांगतात.

‘जिमखाना’च्या आधीचा शब्द आता धर्म सांगत नाही, रेल्वेस्थानक सांगतो. शिवाजी पार्क जिमखान्याची इमारत तर भल्यामोठ्या उघड्या मैदानाच्या कडेलाच आहे. आत सभासद, आणि बाहेर, कोणाचीही वर्गणी न भरता, एकमेकांच्या हद्दीत क्षेत्ररक्षण करत एकाच वेळी चाललेले डझनभर सामने.